तणीसबाबूंचा फोर-के

नागभीडला जन्म काढून अठ्ठावन्नाव्या वर्षापर्यंत वाघ न पाहणे ही सोपी गोष्ट नाही. त्याला नशीब लागते, आणि तसले नशीब हरिदासबाबू खोब्रागड्यांकडे भरपूर होते. दूधवाल्याने वाघ पाहिला होता. पोस्टमनने दोनदा पाहिला होता. शेजारचे निवृत्त मुख्याध्यापक गुणवंतराव बोरकर यांनी तर इतक्या वेळा पाहिला होता, की आता वाघच त्यांना ओळखत असावा. पुण्या-मुंबईची माणसे टोप्या घालून यायची आणि दोन दिवसांत तीन वाघ बघून जायची. आणि तालुक्याच्या एका कचेरीत एकतीस वर्षे आवक-जावक सांभाळणारे हरिदासबाबू, ज्यांच्या हातून वाघासंबंधीची शेकडो पत्रे गेली, त्यांच्या वाट्याला वाघाचा फक्त आवक क्रमांक आला होता.

म्हणून जानेवारीतल्या त्या रविवारचे महत्त्व. हरिदासबाबू आणि मीराबाई तळोधीकडून एक बारसे उरकून स्कूटरने परत येत होते. वाटेत मीराबाईंना लगडलेली बोरीची झुडपे दिसली. "थांबवा जी गाडी," म्हणत त्या उतरल्या आणि पदराची ओटी करून झुडपांत शिरल्या. हरिदासबाबू स्कूटरजवळ उभे राहिले. गळ्यात कॅमेरा होता. लेक संघप्रिया हैदराबादला नोकरी करते, तिने नवा घेतल्यावर जुना यांना दिला होता. त्यांनी सहज समोर पाहिले, तर कापणी झालेल्या धानाच्या बांध्यांपलीकडे (खाचरांना आमच्याकडे बांध्या म्हणतात), जंगलाच्या कडेला, काहीतरी पिवळे होते. पिवळे आणि, हरिदासबाबू आजही शपथेवर सांगायला तयार होते, हलणारे.

त्यांनी एक फोटो काढला. दुसरा काढताना घाईत कॅमेरा खाली गेला आणि त्यात स्वतःचा उजवा बूट आला. मग "मीरा, चाल लवकर" म्हणून त्यांनी जी स्कूटर हाणली, ती नागभीडच्या रेल्वे फाटकाशीच थांबली.

वाटेत मीराबाई धुसफुसत होत्या, पण त्यांचे कारण वेगळे होते. "निवांत बोरं बी तोडू देत नाई. माह्या मांगं येऊन काऊन उभे राह्यले होते? सारखं नाकातून फुसफुस, फुसफुस."

"मी? मी गाडीपासून हाललो नाई."

"मंग का मी भुताशी बोलली? मी म्हनलं बी, 'व्हा ना तिकडं', तवा कुठी सरकले तुमी."

हरिदासबाबूंच्या नाकात कायमची शिट्टी आहे आणि त्या शिट्टीवरून या घरात तेहेतीस वर्षे वाद आहे. अशा वादाचा निकाल लागत नसतो. त्यांनी विषय सोडून दिला, कारण त्यांच्या गळ्यात वाघ होता.

तो वाघ संध्याकाळपर्यंतच टिकला. कॅमेऱ्याचा पडदा काडेपेटीएवढा. त्यावर गुणवंतरावांनी चष्मा कपाळावर चढवून, पिवळा ठिपका मोठा करून, डोळ्यांपासून चार बोटांवर धरून पाहिला आणि एकच शब्द उच्चारला.

"तणीस."

धान झोडपून उरलेल्या पेंढ्याला आमच्याकडे तणीस म्हणतात आणि त्या दिवसांत तिचे ढीग गावोगावी लागलेले असतात. फोटो स्टुडिओवाल्याने तोच ठिपका आणखी मोठा करून दाखवला. ठिपका मोठा झाला, वाघ झाला नाही. संघप्रियाला व्हॉट्सॲपवर पाठवला, तर तो वाटेत इतका चेपला गेला की तिने विचारले, "बाबा, हे बेसन आहे का?" मूळ फोटो मेलने पाठवा म्हणाली, तर तो रविवारी निघून बुधवारी चौदा टक्क्यांवर पोचला आणि वीज गेली.

तोवर गल्लीत नाव पडले होते. तणीसबाबू.

हे नाव पडणे म्हणजे काय, ते बाहेरच्या माणसाला कळणार नाही. आमच्याकडे माणूस मरतो, नाव मरत नाही. जनगणनेच्या कामावर असताना एक गुरुजी भज्यांच्या ताटावर डोके ठेवून झोपले होते. आज त्यांच्या नातवाच्या लग्नपत्रिकेत कंसात 'भजीगुरुजी परिवार' छापलेले असते, नाहीतर पाहुण्यांना घर सापडत नाही. आणि हरिदासबाबू फेब्रुवारीच्या अखेरीस निवृत्त होणार होते. निरोप समारंभात भाषण गुणवंतराव करणार होते, कारण नागभीडमध्ये बारशापासून शोकसभेपर्यंत भाषण तेच करतात. "तणशीचा किस्सा तं सांगाच लागन हरिदासभाऊ," असे त्यांनी प्रेमाने कळवले होते. एकतीस वर्षांत एक पत्र गहाळ न केलेल्या माणसाची एवढीच ओळख मागे उरणार होती. हरिदासबाबूंना जेवण जाईना.

अशा वेळी संघप्रियाने फोनवर शास्त्र सांगितले. "बाबा, तुमच्या त्या जुन्या डब्ब्यावर फोटोतले दहातले नऊ ठिपके दिसतच नाहीत. माझ्याकडे एक फोर-के मॉनिटर पडून आहे. तो पाठवते. एक एक ठिपका वेगळा दिसेल."

दहातले नऊ! हरिदासबाबूंना अंगात वारे शिरल्यासारखे झाले. न दिसलेल्या नऊ ठिपक्यांत एक वाघ सहज बसू शकतो. त्यांनी गल्लीत जाहीर केले, की फोर-के येत आहे, आता दूध का दूध आणि पानी का पानी होईल.

"फोरके?" गुणवंतराव विचारात पडले. "कोनते फोरके? आरमोरीचे का? वनखात्यात हायेत का ते?"

फोरके यायला वेळ लागला. पत्त्यावर 'मूल रोड' लिहिले होते. कुरिअरवाल्याने त्यातले 'मूल' वाचले, उरलेले मनाने पूर्ण केले आणि पार्सल पार दुसऱ्या जिल्ह्यातल्या मुलचेऱ्याला नेऊन टाकले. तिथल्या मिथुन मंडल नावाच्या दुकानदाराचा फोन आला. "काका, आपका टीवी इधर आया है. चिंता मत करो, अच्छे से रखा है." त्याने खरेच चांगले ठेवले होते, सुक्या मासळीच्या पोत्यांच्या मधोमध. आठ दिवसांनी पार्सल नागभीडला आले, तेव्हा त्याच्यामागे गल्लीतली तीन मांजरे आली. त्यातले एक पुढे मॉनिटरसमोरच राहायला लागले.

खोक्यातून मॉनिटर निघाला. हरिदासबाबूंचा संगणक संघप्रियाच्या अकरावीच्या वेळचा. त्याच्या पाठीला निळे, पंधरा भोकांचे तोंड. मॉनिटरच्या पाठीला चार तोंडे, पण निळे एकही नाही. हरिदासबाबूंनी निळी वायर चारही ठिकाणी लावून पाहिली. पाचव्यांदा त्यांनी जरा जोर लावला, तेव्हा मीराबाई म्हणाल्या, "कोंबू नोका जी. पोरीची वस्तू हाये."

मग धनराज मडावी आला. धनराज आधी रेडिओ दुरुस्त करायचा, मग टीव्ही, आता संगणक. त्याचे वय पन्नाशीचे आणि हात हलका. त्याने दोन्ही पाठी टॉर्चने पाहिल्या, आणि लग्नाच्या बैठकीत बसावे तसा मांडी घालून बसला.

"बाबूजी, ही सोयरीक अशी होत नाई."

"काऊन?"

"आमच्या गोंडायमंदी सहा देववाले सहा देववाल्यायच्या घरी पोरगी मांगत नाई. थे भाऊ-भैन लागतेत. सहावाल्याले सातवाल्याचं घर पायजे. इथी पाहा. संगनकाचं तोंड फिमेल, मॉनिटरचं बी फिमेल. दोघी भैनी. त्यात एक बोलते जुनी भाषा, दुसरीले थे समजत नाई. मंधात मध्यस्थ लागन."

फिमेल हा शब्द ऐकून गुणवंतरावांनी घसा साफ केला आणि मीराबाई स्वयंपाकघरात गेल्या. हरिदासबाबूंनी मात्र मध्यस्थाचे, म्हणजे मधल्या कन्व्हर्टरचे, नाव कागदावर लिहून घेतले. मध्यस्थ नागपूरहून यायचा होता. तो आला, लावला, पडदा काळा. दोन तास काळा. धनराजने मध्यस्थ उलटसुलट करून पाहिला आणि कपाळाला हात लावला.

"हा उलटा आला बाबूजी. हा पोरगी देनारा मध्यस्थ हाये. मॉनिटरच्या घरून संगनकाच्या घरी. आपल्याले इकडून तिकडं धाडाची हाये."

"मंग उलटा लावून दे."

"पोरगी सासरी जाते बाबूजी. सासर पोरीच्या घरी येते का?"

दुसरा मध्यस्थ मागवला. तो लागला आणि गल्लीसमक्ष पडदा उजळला. टाळ्या वाजल्या. हरिदासबाबूंनी फोटो उघडला. बांध्या फुगल्या होत्या, झाडे बसकी झाली होती, आणि पिवळा ठिपका कोहळ्याएवढा होऊन मध्यभागी बसला होता. जुन्या संगणकाला जेवढे ठिपके ठाऊक होते तेवढेच त्याने पाठवले होते, पडद्याने ते ताणून घेतले होते.

"आता तं पटलं?" गुणवंतराव म्हणाले. "आंधी लहान तणीस होती, आता मोठी हाये."

मांजराने जांभई दिली. हरिदासबाबूंना त्या मांजराचासुद्धा राग आला.

माणूस इथे थांबतो. पण ज्याचा मान गेलेला असतो त्याला थांबता येत नाही, तो आणखी एक सुटा भाग मागवतो. धनराजने कुठूनसे एक जुने ग्राफिक कार्ड मिळवले. ते बसवायला डब्याचे झाकण काढले तर आत पालीची अंडी निघाली. ती मीराबाईंनी सन्मानाने बाहेर नेली. कार्ड बसले. बटण दाबले. डब्यातून 'ठप्' असा आवाज आला, निळसर धूर निघाला, आणि गल्लीच्या टोकाला भागीरथाबाईंची पिठाची गिरणी थांबली. गिरणी का थांबली, हे वीजवाल्यांनाही सांगता आले नाही, पण पुढचे चार दिवस ज्याच्या घरी पोळी झाली नाही त्याने तणीसबाबूंचे नाव घेतले.

आता उरला एकच मार्ग. कचेरीत गेल्याच वर्षी एक नवा संगणक आला होता, आणि धनराजने खात्री दिली होती की त्याचे देव जुळतात. पण सरकारी संगणकाला खासगी वस्तू जोडायची म्हणजे परवानगी हवी. हरिदासबाबू नियमाचा माणूस. त्यांनी रीतसर अर्ज लिहिला. विषय, 'खासगी मॉनिटर शासकीय संगणकास पाच मिनिटांकरिता जोडणेबाबत'. अर्ज आवक टेबलावर द्यावा लागतो, म्हणून त्यांनी तो खुर्चीच्या या बाजूने त्या बाजूला जाऊन स्वतःकडेच दिला. शिक्का मारला, क्रमांक टाकला. आणि मग एकतीस वर्षांच्या सवयीने, चष्मा पुसत, शेजारच्याशी पावसाबद्दल बोलत, त्यांच्या हाताने समासात लिहिले, 'सोबत सहपत्रे नाहीत. त्रुटीपूर्ततेसाठी अर्जदारास परत.' खाली सही केली, जावक क्रमांक टाकला, आणि पाकिटावर पत्ता लिहिताना त्यांच्या ध्यानात आले की अर्जदार कोण आहे.

तोवर उशीर झाला होता. जावक वहीत खाडाखोड करणे त्यांच्या रक्तात नव्हते. ते पत्र तिसऱ्या दिवशी त्यांच्या घरी पोस्टाने आले. मीराबाईंनी वाचून दाखवले, आणि त्या दिवशी प्रथमच हरिदासबाबू भिंतीकडे तोंड करून दुपारी झोपले.

निरोप समारंभाच्या आदल्या रविवारी सकाळी गुणवंतराव भाषणाचे कागद घेऊन आले. 'एकदा ऐकून घ्या, चूक नोको' म्हणून. कागद सात होते, त्यातले चार तणशीचे. गल्लीतली आणखी पाचसहा माणसे चहाच्या वासाने आली. धनराज आपला राहिलेला पेचकस न्यायला आला होता. मॉनिटर टेबलावर उभा होता, काळा, त्याच्यासमोर मांजर. शेजारी कॅमेरा पडला होता. धनराजने तो सहज उचलला, बगलेतले रबरी झाकण नखाने उघडले आणि तसाच उभा राहिला.

"बाबूजी," तो हळूच म्हणाला, "याच्या पोटात बी एक तोंड हाये."

"मंग?"

"मंग काय! याचे अन् मॉनिटरचे देव जुळतेत. संगनक पायजेच कायले?" त्याने पिशवी पालथी करून एक बारीक तोंडाची वायर शोधली. "आपन महिनाभर मध्यस्थ घालून मेलो, अन् पोट्टा-पोट्टी पह्यलेच एकमेकायले ओळखत होते."

वायर एका टोकाने कॅमेऱ्यात गेली, दुसऱ्या टोकाने मॉनिटरमध्ये. कट् असा आवाज झाला. मध्यस्थ नाही, अर्ज नाही, धूर नाही. आणि पडद्यावर जानेवारीतली ती दुपार उघडली.

चित्र इतके स्वच्छ होते, की बांधीतली धसकटे मोजता येत होती. पलीकडे मोहाचे झाड, त्याची पाने. आणि मधोमध ते पिवळे. हरिदासबाबू दोन पावले पुढे गेले.

तणीस होती. काडी अन् काडी दिसत होती. ढिगावर कुणीतरी निळा दुपट्टा वाळत घातला होता, तो वाऱ्याने उडत होता. हलत होते ते तेच. दुपट्ट्याशेजारी एक कावळा होता.

"पाय बाप्पा, कावळा बी दिसते," गुणवंतराव म्हणाले. जिंकलेला माणूस उदार होतो. "मॉनिटर चांगला हाये हरिदासभाऊ. तणशीत खोट नाई काढली त्यानं."

माणसे हसली. हरिदासबाबूंना वाटले जमीन फाटावी. फार वाईट वाटले त्यांना. खोटे बोललो नव्हतो, एवढेच त्यांना जगाला सांगायचे होते, आणि आता तेही सांगता येणार नव्हते. त्यांनी वायर काढायला हात पुढे केला.

मीराबाई चहाचा ट्रे घेऊन आल्या होत्या. त्या तणशीकडे बघतच नव्हत्या. त्यांनी ती महिनाभर कोहळ्याएवढी पाहिली होती. त्या पडद्याच्या डाव्या कडेला बघत होत्या, जिथे आजवर कुणीच पाहिले नव्हते.

"थांबा जी. हे माहं पातळ हाये ना? हिरवं?"

होते. फोटोच्या अगदी कडेला बोरीचे झुडूप, त्यात हिरवा पदर, एक कोपर, बोरांवर गेलेला हात. मीराबाईच त्या.

"अन् माह्या मांगं हे काय हाये?"

त्यांच्या मागे वाळलेले उंच गवत होते. गवताच्या सावल्या होत्या. काही सावल्या उभ्या होत्या, काही जरा वाकड्या होत्या. मग धनराजच्या तोंडातून "अगाऽऽ" असे काहीतरी निघाले, आणि त्यानंतर ते सगळ्यांनाच दिसले. आधी कान. मग कपाळ. मग मिशा, एक एक वेगळी, संघप्रियाने म्हटले होते तशी. मीराबाईंच्या पाठीपासून फार तर दोन हातांवर. आणि डोळे मीराबाईंकडे नव्हते. ते सरळ कॅमेऱ्याकडे, म्हणजे हरिदासबाबूंकडे, बघत होते.

मीराबाईंनी आधी ट्रे नीट टेबलावर ठेवला, कारण कप पाहुण्यांचे होते. मग त्या खाली बसल्या.

"मंग म्या," त्या म्हणाल्या, "'व्हा ना तिकडं' कोनाले म्हनलं?"

त्या वाघाने मीराबाईंचे ऐकले होते. एका शब्दात, मुकाट्याने सरकला होता. हरिदासबाबू तेहेतीस वर्षांत असे कधी सरकले नव्हते. ते त्यांच्या शेजारी जमिनीवर बसले, त्यांचा हात धरला, आणि गल्लीसमक्ष ढसाढसा रडले. त्यांना वाघाची भीती वाटत नव्हती. वाघ तर निघून गेला होता. त्यांना त्या दुपारची भीती वाटत होती. आपण तिथे वीस पावलांवर उभे होतो, आणि आपले सगळे लक्ष कुठे होते, याची.

गुणवंतरावांनी भाषणाचे चार कागद हळूच फाडायला घेतले. "हरिदासभाऊ, मी हरलो. वाघ हाये. अन् असा वाघ मी बी नाई पायला कधी. समारंभात मीच सांगतो, मोठ्यानं सांगतो."

"नोका फाडू," हरिदासबाबू नाक पुसत म्हणाले.

"आता काऊन?"

"वाघ तिनं पायला गुणवंतराव. पाठीनं पायला. मी तं तणीसच पायत होतो."

निरोप समारंभात तणशीचा किस्सा झाला. चारही कागद झाले. कचेरी पोट धरून हसली आणि सगळ्यात मोठ्याने हरिदासबाबू हसले. जुना संगणक धनराज सुट्या भागांसाठी घेऊन गेला, मॉनिटर मांजरासाठी राहिला. नाव तर पक्केच झाले. आता टपालसुद्धा त्याच नावाने येते आणि बिनचूक येते, मुलचेऱ्याला जात नाही.

संध्याकाळी दोघे विहारापर्यंत फिरायला जातात. मीराबाई पुढे, हरिदासबाबू दोन पावले मागे. मधेच नाकातली शिट्टी जरा थांबते, तशा मीराबाईही थांबतात. मागे वळून बघत नाहीत.

"तुमीच आहा ना जी?"

"मीच आहो," मागून आवाज येतो. "तणीस."